बेगमी

ज्वारीचं खळं फाल्गुनात होई. जमीन चोपून, शेणाने सारवून टणक केलेली असे. मधोमध तिवडा, त्याभोवती बैलांची पात. मळणी झाली की वारा पाहून वावडीवर उभं राहत आणि धान्य उपणत. आता मळणीयंत्र बांधावर येतं. दुपारपर्यंत पोती शिवून होतात. खळ्यांच्या जागा नांगरल्या गेल्या.

पहिलं माप घालताना ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणत. पुढे दोन, तीन. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. माप शिगोशीग भरत आणि वरची शीग घेणाऱ्याची असे. 1956 च्या कायद्याने किलोग्रॅम आला. साठच्या दशकात जुनी मापं व्यवहारातून बाद झाली. काही घरांत पितळी शेर माळ्यावर आहे.

सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी यांचं बलुतं खळ्यावरूनच जाई. वर्षभराच्या कामाची मजुरी धान्यात मिळे. त्यात हक्क होता, वेठही होती. फाळ आता वेल्डिंगच्या दुकानात लागतो. मडकं बाजारातून येतं. दोन्हीचे पैसे रोख द्यावे लागतात.

धान्य ठेवायला कणगी होती. बांबूच्या कामट्यांची, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली. जाड भिंतीत बळद असे. काही मुलखांत जमिनीखाली पेव असे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी आतली हवा बाहेर जाऊ देत. सांगलीजवळ हरिपुरात हळदीची पेवं होती. त्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिके. 2005 च्या महापुरात बरीच पेवं पाण्याने भरली. हळद आता गोदामात आणि शीतगृहात राहते.

शहरातली पगारदार घरं चैत्र-वैशाखात गहू, तांदूळ आणि तूरडाळ भरत. त्या दिवसांत माल नवा असे आणि भाव उतरलेला. काही कचेऱ्यांत आणि कारखान्यांत त्यासाठी उचल मिळे. ती हप्त्याहप्त्याने पगारातून कापली जाई. मुंबईत दाणाबंदरात जाऊन नमुना तळहातावर घेत, दाणा दाताखाली फोडून पाहत. दाणाबंदरचा घाऊक बाजार पुढे वाशीला गेला. नव्या सदनिकांत पोत्यांना जागा राहिली नाही. धान्य पाच किलोच्या पिशवीत येऊ लागलं, दर महिन्याला नव्या भावाने.

गव्हाला एरंडेल चोळत. ज्वारीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालत. पोत्याच्या तळाशी बिब्बे टाकत. वालांना माती, कडधान्याला राख लावत. उन्हं दाखवणं, पाखडणं, चाळणं, निवडणं यांसाठी दुपार राखलेली असे. चार घरच्या बायका एका ओसरीवर बसत. निवडलेलं धान्य आता पिशवीवर तसं छापूनच येतं.

तूर घरी भरडत. ती भिजवून वाळवत, तेलाचा हात देत, मग जात्यावर घेत. डाळ डब्यात जाई. टरफलं आणि चुणी गोठ्यात जात. गोठा रिकामा झाला तेव्हा चुणीला गिऱ्हाईक राहिलं नाही. डाळ गिरणीतून झिलई होऊन येऊ लागली. 2015 च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली. तूर म्यानमार, मोझांबिक, टांझानियातूनही येते.

वैशाखात वाळवणं होत. गव्हाच्या चिकाच्या कुरडया, डाळीचे आणि कोहळ्याचे सांडगे, उडदाचे पापड, शेवया, बटाट्याचा कीस, ताकातल्या मिरच्या. कुरडयांचा चीक पहाटे शिजवत. मुलांना वाटीभर चीक तेल घालून मिळे. शेजारणी एकमेकींकडे लाटायला जात. मजुरी नसे, आपल्याकडे पापड असतील त्या दिवशी त्या येत. नव्या इमारतींच्या गच्चीला कुलूप असतं.

गवार, वांगी, कारली, मेथी, हरभऱ्याचा पाला उन्हाळ्याआधी वाळवून ठेवत. भाजी महागली किंवा मिळेनाशी झाली की डबा उघडत. वाळल्या गवारीत शेंगदाण्याचं कूट घालत. आता गवार बाराही महिने मिळते. वाळवलेली गवार बचत गटांच्या प्रदर्शनात मिळते.

1959 मध्ये गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभं राहिलं. हजारो घरांना त्याने काम दिलं. घरचा पापड लाटायचा राहिला तरी मग ताट अडलं नाही.

मिरच्या होळीनंतर येत. संकेश्वरी, ब्याडगी, लवंगी. विदर्भात भिवापुरी. देठं खुडत, उन्हात तापवत, धने-खसखस-दगडफूल भाजून घेत. आधी उखळात कांडत, नंतर डंकावर. मसाला बरणीत दाबून भरत आणि वर हिंगाचे खडे ठेवत. पुढच्या होळीपर्यंत तो पुरे. लालबागला डंक अजून वाजतात. भिवापुरी मिरचीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तोवर तिची लागवड आकसली होती.

मे महिना संपताना कोकणातून परतणाऱ्या एसटीच्या टपावर चाकरमान्यांची गाठोडी असत. उकडे तांदूळ, कुळीथ, आमसुलं, आंबोशी, आंबापोळी, फणसाच्या आठळ्या, नारळ. सुकट आणि सुके बोंबील वेगळ्या फडक्यात बांधलेले. पावसाळ्यातले मुंबईचे दिवस त्यावर निघत. मागे राहिलेली माणसं म्हातारी झाली. भाताची खाचरं पड राहिली. टपावर सामान चढवायच्या शिड्या नव्या गाड्यांना नाहीत.

मीठ खड्यांचं असे. ते मडक्यात किंवा लाकडी पेटीत ठेवत. आगरी मिठागरांतून ते गाडीबैलाने वरघाटी जाई आणि बदल्यात धान्य खाली येई. शिरोड्याच्या मिठागरांवर 1930 मध्ये सत्याग्रह झाला. आता तिथे थोडे आगर उरले आहेत. 2006 पासून आयोडीन नसलेलं मीठ थेट खाण्यासाठी विकायला बंदी आहे. पिशवीतलं मीठ बहुतेक गुजरातचं असतं.

मावळ-मुळशीत आंबेमोहर तांदूळ पिके. एका घरी शिजला की आळीला कळे. पीक कमी येई, रोप आडवं पडे. 1987 मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून इंद्रायणी ही भाताची जात आली. ती जास्त उतारा देते, शेतकऱ्याला परवडते. मुळशीच्या आंबेमोहराला 2016 मध्ये मानांकन मिळालं. मुळशीच्या रस्त्यावर आता प्लॉटविक्रीच्या पाट्या आहेत.

बी घरचं असे. कणसं आढ्याला टांगत. भोपळ्याच्या, दोडक्याच्या, काकडीच्या बिया राखेत घोळून गाडग्यात ठेवत. कोणत्या वेलाचं फळ बियाला सोडायचं ते घरातली बाई ठरवी. रोहिण्या लागल्या की बी शेजारी देत-घेत. 1964 मध्ये सीएसएच-1 ही संकरित ज्वारी आली. तिचं बी दर वर्षी विकत घ्यावं लागे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांनी जुनी बियाणी जपून बँक उभी केली. त्यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला. त्यांच्या घरातली गाडगी पाहायला आता दुरून माणसं येतात.

खरीप ज्वारीच्या रानात तूर असे. मूग, उडीद, मटकी, चवळी असे. कडेला अंबाडी, तीळ, कारळे. मधेच वाळकाचे, शेंदाडांचे वेल. भाकरी, वरण, उसळ, तेल, चटणी आणि भाजी एका रानातून येई. कडबा बैलांना होई. नव्वदच्या दशकापासून मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन पसरलं. ते साडेतीन महिन्यांत निघतं आणि त्याचे रोख पैसे होतात. घरी ते क्वचितच शिजतं. पीक विकून आलेल्या पैशात डाळ, तेल आणि भाजी विकत आणतात.

खुरपायला गेलेल्या बायका ओटीत भाजी घेऊन येत. तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी, केना, कुर्डू. कोकणात टाकळा, भारंगी, कवळा. शेवळं पहिल्या पावसात येत. या भाज्यांना मोल द्यावं लागत नसे. बांधावर, पिकात, डोंगरउतारावर त्या आपसूक उगवत. आता पिकांत तणनाशक फवारतात. खुरपणीची मजुरी वाचते. कृषी विभाग ऑगस्टात रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे जुडीला दर असतो आणि नावाची पाटी असते.

मोरीचं पाणी अळवाला जाई. परसात शेवगा, कढीपत्ता, लिंबू, केळ. छपरावर दुधीचा आणि घोसाळ्याचा वेल. शेंगा उतरल्या की चार घरी वाटत. वाटल्या नाहीत तर जून होत. छपरं स्लॅबची झाली. परसात दुसऱ्या भावाची खोली उठली. मोरीचं पाणी गटाराला जोडलं गेलं.

जातं पहाटे फिरे. त्यात बायकांची कंबर आणि आयुष्य गेलं. गिरणी आली तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास घेतला. मग दळणाचा डबा डोक्यावर घेऊन मुलं गिरणीत रांगेत बसू लागली. गहू, ज्वारी, बाजरी, भाजणी यांच्या वेळा ठरलेल्या. ज्वारीचं पीठ फार दिवस राहिलं की विरी जातं आणि भाकरी थापता येत नाही, म्हणून थोडंथोडं दळत. पिशवीतला आटा आल्यावर गल्लीतल्या गिरण्या एकेक बंद झाल्या. शटरवर मोबाइल दुरुस्तीचे फलक लागले.

तेल घाण्यावरून येई. घरची करडई किंवा शेंगदाणे घेऊन जात. तेल आणि पेंड दोन्ही परत आणत. तेल्याची मजुरी पेंडीत किंवा धान्यात फिटे. शेंगदाण्याची पेंड चटणीला होई, बाकीची म्हशीला. 1994 मध्ये पामतेलाची आयात खुली झाली. करडईची शेतं कमी होत गेली. आता शहरांत लाकडी घाण्याचं तेल मिळतं. बाटलीवर करडईच्या फुलाचं चित्र असतं. रिफाइंड तेलापेक्षा ते बरंच महाग असतं.

वाण्याकडे तेल पावशेर मिळे, आणि पैसे नसतील तर पळीभर. घरून बाटली नेत. 1998 मध्ये दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने माणसं दगावली. त्याच वर्षी खाद्यतेल बंद पाकिटातून विकण्याचा आदेश निघाला. पाकीट आलं. पळीने तेल घेणाऱ्यांसाठी लहान पाऊच आले. लहान पाऊचमधलं तेल लिटरमागे महाग पडतं.

वाण्याची पुडी रद्दीच्या कागदाची, वर सुताचा फेरा. सूत रिळाला गुंडाळून ठेवत, कागद चुलीला होई. उधारीच्या वह्या दोन असत, एक दुकानात, एक घरी. पगार झाला की खातं चुकतं करत. यादी घेऊन आलेल्या मुलाच्या हातावर गुळाचा खडा पडे. संपाच्या किंवा आजारपणाच्या महिन्यात वही लांबे. 1982 च्या गिरणी संपात गिरणगावातल्या वह्या फार लांबल्या. कित्येक खाती मिटली नाहीत.

गिरण कामगारांनी 1948 मध्ये नायगावात सहकारी ग्राहक संस्था काढली. ती पुढे अपना बाजार झाली. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. काही कुटुंबांचा एक संघ. महिन्याचं सामान एका सभासदाच्या घरी उतरे, सगळे मिळून ते वाटून घेत. पुढचं घर पाळीने ठरे. त्या दिवशी दिवाणखान्यात साखरेची, रव्याची, पोह्यांची रास असे. पंचायत अजून चालते. घरी दुपारी माणूस असलेली कुटुंबं कमी झाली.

ताक विकत नसत. ज्याच्याकडे दुभतं असे त्याच्या दारात सकाळी शेजारची मुलं कासंडी घेऊन उभी राहत. विरजणही असंच मागून आणत. दूध संकलन केंद्र झाल्यावर दूध भल्या पहाटे केंद्रावर जाऊ लागलं. दर दहा दिवसांनी पैसे हातात येऊ लागले आणि मुलांच्या फिया त्यातून गेल्या. ताक आता गावच्या टपरीवर पिशवीत मिळतं.

भात उघड्या पातेल्यात शिजे. पेज काढून तीत मीठ घालत. आजारी माणसाला, बाळंतिणीला, शेतावर निघालेल्या गड्याला ती मिळे. तांदळाच्या कण्या वेगळ्या काढून त्यांची घाटी करत, ज्वारीच्या कण्या ताकात शिजवत. कुकर आला, इंधन वाचलं. कुकरच्या भाताला पेज निघत नाही.

काही टाकत नसत. दोडक्याच्या शिरांची चटणी होई. कलिंगडाच्या पांढऱ्या गराची भाजी होई. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे दांडे, माठाचे देठ, सगळं शिजे. भोपळ्याच्या बिया वाळवून सोलत. शिळ्या भाकरीचा कुस्करा, शिळ्या पोळीला फोडणी. उरलेल्या वरणात पीठ मळत. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मोठ्या बाईच्या हाताखाली लहान बाई उभी राही आणि शिके. फ्लॉवर आता पाला काढूनच पिशवीत येतो.

आठवडी बाजाराचा वार गावाच्या नावासारखा पाठ असे. शेतकरी आपल्या रानातलं आणून बसे. दोन पाट्या वांगी, एक पाटी मिरची, सुपात अंडी. संध्याकाळी उरलेलं स्वस्त होई, गरीब घरं तेव्हा बाजाराला येत. वरून कोथिंबीर आणि कढीपत्ता पिशवीत पडे. बाजार अजून भरतात. माल पुष्कळदा जिल्ह्याच्या मार्केट यार्डातून टेम्पोने आलेला असतो. 2016 मध्ये फळं आणि भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या झाल्या. शहरांत शेतकरी आठवडी बाजार भरू लागले. गावची भाजी तिकडे जाते.

हुरडा माघाआधी होई. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आगीत भाजून तळहातावर चोळत. सोबत गूळ, तिळाची चटणी, दही. रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून बसवत. त्याच सुमारास शेतात माळा असे आणि गोफण घेऊन पोरं पाखरं राखत. आता हुरड्याला माणशी दर असतो. जागा आधी राखून ठेवावी लागते. दरात नाश्ता आणि बैलगाडीची एक फेरी धरलेली असते. ती बैलजोडी पुष्कळ ठिकाणी तेवढ्यासाठीच ठेवलेली असते.

1972 च्या दुष्काळात कणग्या रिकाम्या होत्या. रेशनवर मिलो आला, लालसर, परदेशी ज्वारी. तिची भाकरी चिरे. खडीच्या कामांवर सुकडी वाटली. ज्यांनी ती खाल्ली त्यांनी पुढे कित्येक वर्षं घरात एक पोतं जास्त ठेवलं. त्यांच्या मुलांनीही काही काळ ठेवलं. नातवंडांच्या घरी महिन्याचं सामान असतं, काहींच्या घरी आठवड्याचं.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या ज्वारीला 2016 मध्ये मानांकन मिळालं. मालदांडी ज्वारी हाताने उपटून काढावी लागते. मजूर पुरेसे मिळत नाहीत, कडबा खायला जनावरं नाहीत, म्हणून पेरा घटतो आणि दाणा महागतो. 1975-76 मध्ये ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 74 रुपये होता, गव्हाचा 105. 2023-24 च्या पिकासाठी मालदांडीचा 3225 झाला, गव्हाचा 2275.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनचा गहू दोन रुपये किलो झाला, तांदूळ तीन रुपये. भरडधान्य एक रुपया ठरलं, पण दुकानात बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच आला. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहेत. त्यावर असंख्य चुली पेटतात. गहू पंजाबातून, हरियाणातून, मध्य प्रदेशातून येतो. पूर्वी ज्वारीच्या मुलखात पोळी सणाला होई. आता मजुरांच्या घरी ती रोज होते.

ते मजूर अजून मालदांडी काढायला जातात. काढणीची मजुरी पूर्वी धान्यात मिळे आणि सुगी संपेपर्यंत घरात काही महिन्यांची ज्वारी साठे. आता मजुरी रोख मिळते. त्या रोखीतून ज्वारी घेणं त्यांना परवडत नाही.